बिझनेस क्लासची खुर्ची कुणाची? बंगळुरूहून लांबच्या विमानभाड्याची गोष्ट

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांमधून आला आहे. बंगळुरूत राहणाऱ्या मराठी घरांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, की त्यावर एक पूर्ण भाग करायचं ठरवलं. लेक कॅलिफोर्नियात, बाळंतपण तोंडावर आलेलं. आई-बाबा सत्तरीला टेकलेले, बाबांचे गुडघे बोलतात, आईचे पाय सुजतात. एवढ्या लांबच्या प्रवासात अरुंद खुर्चीत बसून राहायचं म्हणजे शिक्षाच. मग घरात विषय निघतो, "बिझनेस क्लासचं काढायचं का?" कुणीतरी मोबाइलवर भाडं बघतं आणि विषय तिथेच संपतो.

यावर "अमुक वेबसाइट बघा, तमुक वारी बुकिंग करा" असं सांगून मोकळं होता येईल. पण मी इतिहासाचा माणूस. माझं म्हणणं असं, की हे भाडं एवढं का आहे हे समजलं, तर ते कमी कुठे होतं हेही आपोआप समजतं. आणि ही गोष्ट मोठी मजेशीर आहे. तिच्यात महाराजे आहेत, सँडविचवरून झालेलं भांडण आहे, सोलापूरचा एक उद्योगपती आहे आणि एक रुपयात विमानाचं तिकीट विकणारा फौजी गडीही आहे.

सगळेच पहिल्या वर्गात

8 जून 1948. एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टलेशन जातीचं विमान मुंबईहून निघालं. कैरो आणि जिनिव्हा करत ते लंडनला पोहोचलं. आत 35 प्रवासी होते, त्यांत संस्थानिकही होते. त्या वेळच्या जाहिरातीत भाडं दिलं होतं 1,720 रुपये.

आज हा आकडा ऐकून हसू येतं, पण तेव्हा सरकारी नोकरीतल्या सामान्य कारकुनाला तो वर्षभराच्या पगारातूनही झेपला नसता. त्या विमानात इकॉनॉमी आणि बिझनेस असा भेद नव्हता, कारण भेद करण्याची गरजच नव्हती. ज्याला परवडत नव्हतं तो विमानात नव्हताच, तो बोटीवर होता. एअर इंडियाचा मिशीवाला महाराजा 1946 मध्ये जन्माला आला, तो उगीच नाही. बॉबी कूका यांची कल्पना आणि उमेश राव यांचं चित्र. विमानप्रवास म्हणजे राजेशाही थाट, हे त्या एका चित्रात आलं होतं.

भाडं ठरायचं परिषदेत

आता एक गोष्ट लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्या काळी कंपनीला वाटलं म्हणून भाडं कमी करता येत नसे. 1945 मध्ये हवाना इथे 'आयाटा' ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. कंपन्या तिच्या परिषदांमध्ये एकत्र बसून भाडी ठरवायच्या आणि सरकारं त्यांना मंजुरी द्यायची. म्हणजे मुंबई ते लंडन कुठल्याही कंपनीनं जा, भाडं जवळपास तेच. आज असं कुणी केलं तर आपण त्याला संगनमत म्हणू. तेव्हा तो अधिकृत नियम होता.

याच परिषदांनी 1952 मध्ये अटलांटिकवर 'टूरिस्ट' वर्ग आणला आणि 1958 मध्ये त्याहून स्वस्त 'इकॉनॉमी' वर्ग. पण महाग तिकीटवाल्याला वाईट वाटू नये म्हणून स्वस्त वर्गात काय द्यायचं तेही बांधून दिलं. पाय पसरायला जागा किती आणि खायला काय, सगळं ठरलेलं. इकॉनॉमीत साधं थंड सँडविच द्यायचं, असा दंडक होता. स्कँडिनेव्हियाच्या कंपनीनं सँडविचच्या नावाखाली वर भरपूर जिन्नस रचलेले, ताटभर दिसणारे पदार्थ द्यायला सुरुवात केली. अमेरिकेच्या पॅन ॲमनं तक्रार केली. आयाटामध्ये त्यावर रीतसर वाद झाला आणि पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी त्याला 'सँडविच युद्ध' म्हटलं.

हसण्यासारखं आहे, पण त्यातली मेख बघा. स्वस्त वर्गात मिळणारी गैरसोय फक्त खर्च वाचवण्यासाठी नव्हती. महाग वर्गाचं गिऱ्हाईक खाली घसरू नये, हाही तिचा हेतू होता. ही युक्ती आजतागायत चालू आहे.

भारतात याला आणखी एक कुलूप होतं, परकीय चलनाचं. परदेशी तिकीट काढायला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा 'पी फॉर्म' लागायचा. साठ-सत्तरच्या दशकात खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांच्या हकिकती तुम्हीही घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील. त्यात जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून थेट साडेसात रुपयांवर गेला. परदेशप्रवासाचा हिशेब एका रात्रीत बदलला.

बिझनेस क्लास स्वस्त तिकिटामुळे जन्मला

1970 मध्ये बोइंग 747 म्हणजे जंबो जेट प्रवाशांना घेऊन उडायला लागलं. पुढच्याच वर्षी एअर इंडियाकडेही पहिलं जंबो आलं, 'एम्परर अशोक'. एका विमानात तीन-चारशे खुर्च्या, पण तेवढे श्रीमंत प्रवासी आणायचे कुठून? मग रिकाम्या खुर्च्या स्वस्तात विकायची धडपड सुरू झाली. लंडनमध्ये 'बकेट शॉप' म्हणून ओळखली जाणारी छोटी दुकानं आयाटाचे नियम डावलून उरलेली तिकिटं स्वस्तात विकत. सप्टेंबर 1977 मध्ये फ्रेडी लेकर या ब्रिटिश माणसानं 'स्कायट्रेन' सुरू केली. लंडन ते न्यूयॉर्क, 59 पौंड. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं आपल्या देशांतर्गत भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं.

आता चित्र डोळ्यापुढे आणा. कंपनीच्या कामाला निघालेला माणूस पूर्ण भाडं भरून इकॉनॉमीत बसलाय. शेजारी एक विद्यार्थी, त्याच खुर्चीत, तेच जेवण, आणि त्यानं मोजलेत अर्ध्याहून कमी पैसे. पूर्ण भाडंवाला चिडणारच. ही चिडचिड शमवण्यासाठी कंपन्यांनी पूर्ण भाडं भरणाऱ्यांना विमानात वेगळं बसवायला सुरुवात केली. 1978 मध्ये पॅन ॲमनं त्याला 'क्लिपर क्लास' नाव दिलं, 1979 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासनं 'बिझनेस क्लास' आणला. सुरुवातीला खुर्चीत फारसा फरक नव्हता. पडद्याच्या पुढे बसायचं, पेय फुकट, थोडी शांतता, एवढंच.

म्हणजे बिझनेस क्लास पहिल्या वर्गाचा धाकटा भाऊ म्हणून जन्मलेला नाही. स्वस्त तिकिटं आली म्हणून पूर्ण भाडं भरणाऱ्याची समजूत काढायला तो काढला. पुढे चढाओढ वाढली, खुर्ची रुंद झाली, मागे झुकायला लागली. 2000 साली ब्रिटिश एअरवेजनं बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवा होणारा पलंग आणला आणि मग सगळ्यांनाच तो आणावा लागला. पलंग आला तशी एका प्रवाशाला तीन-चार इकॉनॉमी खुर्च्यांची जागा लागू लागली, आणि भाडंही त्या पटीत चढलं.

एक सूत्र आणि चार अक्षरं

भाडं परिषदेत ठरणं बंद झालं, मग ते ठरवतं कोण? याचं उत्तर 1972 मध्ये एका ब्रिटिश माणसानं दिलं होतं. केन लिटलवुड हे बीओएसी या कंपनीत होते. त्यांनी मांडलेलं सूत्र अगदी बाजारातल्या भाजीवाल्याला पटेल असं आहे. स्वस्तात घेणारं गिऱ्हाईक आज समोर उभं आहे. महाग घेणारं उद्या येईल, पण नक्की नाही. उद्याच्या गिऱ्हाइकाची किंमत गुणिले ते येण्याची शक्यता, हा आकडा आजच्या स्वस्त भावापेक्षा मोठा असेल तर खुर्ची राखून ठेवा. लहान असेल तर आत्ताच विका.

उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. समजा आज कुणी 2 लाख द्यायला तयार आहे. उद्या 4 लाख देणारा येण्याची शक्यता शंभरात साठ आहे. 4 लाखांचे साठ टक्के म्हणजे 2 लाख 40 हजार. मग कंपनी आजच्या गिऱ्हाइकाला "जागा नाही" सांगेल, खुर्ची रिकामी असूनसुद्धा. तीच शक्यता चाळीसवर आली, की हिशेब 1 लाख 60 हजार होतो, आणि तीच खुर्ची 2 लाखांना खुली होते.

आज हा हिशेब संगणक अखंड करत असतो. त्यासाठी एकाच बिझनेस क्लासचे आतून अनेक कप्पे केलेले असतात. तिकिटावर जे, सी, डी, आय, झेड अशी इंग्रजी अक्षरं दिसतात ते हे कप्पे. प्रत्येक कंपनीची अक्षरं थोडी वेगळी, पण तत्त्व एकच. खुर्ची तीच, पलंग तोच, जेवण तेच. वरच्या कप्प्यातलं तिकीट कधीही बदला, रद्द करा. खालच्या कप्प्यातल्याला अटी फार. म्हणून शेजारी-शेजारी झोपलेल्या दोघांच्या तिकिटांत दुपटीचा फरक असू शकतो.

सोलापूर ते बंगळुरू

आता आपल्या गावाकडे येऊ. बंगळुरूच्या विमानांची गोष्ट सोलापूरच्या माणसापासून सुरू होते, हे अनेकांना माहीत नसतं. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी योगायोगानं झालेली ओळख कामी आली आणि म्हैसूर संस्थानानं जमीन व भांडवल देऊन साथ दिली. तीच पुढे एचएएल झाली. तिच्या धावपट्टीवरूनच बंगळुरूची प्रवासी विमानंही 2008 पर्यंत उडत होती.

दुसरा धागा पुण्याहून आला. इन्फोसिस 1981 मध्ये पुण्यात सुरू झाली आणि 1983 मध्ये बंगळुरूला आली. 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं इथे केंद्र काढलं. मग अभियंते परदेशी कामाला जाऊ लागले, तिकडचे साहेब इकडे येऊ लागले. तरीही लांबच्या प्रवासाला आधी मुंबई गाठावी लागायची, मध्यरात्री सहार विमानतळावर ताटकळावं लागायचं. 2001 मध्ये लुफ्थान्सानं फ्रँकफर्टहून थेट बंगळुरूला विमान सुरू केलं. 2005 मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात खुल्या आकाशाचा करार झाला. 24 मे 2008 ला देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला.

याच शहरातून दोन टोकांचे प्रयोग झाले. कॅप्टन गोपीनाथ, निवृत्त लष्करी अधिकारी, यांनी 2003 मध्ये एअर डेक्कन काढली आणि एक रुपयाची तिकिटं विकून दाखवली. दुसरे विजय मल्ल्या. त्यांच्या किंगफिशरनं सप्टेंबर 2008 मध्ये बंगळुरू–लंडन थेट विमान सुरू केलं, थाटामाटात. तोपर्यंत एअर डेक्कनही त्यांच्याच पंखाखाली गेली होती. ते वर्ष इंधनाच्या भडक्याचं आणि जागतिक मंदीचं. 2012 मध्ये किंगफिशर जमिनीवर आली ती कायमची. लांब पल्ल्याचा थाट नुसत्या हौसेवर टिकत नाही, हा त्यातला धडा.

जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियानं सॅन फ्रान्सिस्को–बंगळुरू थेट विमान सुरू केलं. पहिल्या विमानाच्या कॉकपिटमध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला वैमानिक होत्या. उत्तर ध्रुवावरून, सुमारे 14,000 किलोमीटरचा पल्ला. सिलिकॉन व्हॅली आणि भारताची सिलिकॉन व्हॅली, मधे थांबा नाही.

इथला भाव कुणाकडे बघून ठरतो

आता लिटलवुडचं सूत्र बंगळुरूला लावा. "उद्या महाग घेणारा येईल का?" या प्रश्नाला या शहराचं उत्तर बहुतेक वेळा "हो" असंच येतं. अचानक बैठक ठरलेला अधिकारी येतो, तिकीट कंपनी काढते, भावाची घासाघीस तो करत नाही. म्हणून इथे खुर्च्या राखून ठेवल्या जातात, आणि आई-बाबांसाठी भाडं बघणाऱ्या मुलाला दिसतो तो साहेबासाठी लावलेला भाव.

यात कराचीही भर आहे. इकॉनॉमीच्या तिकिटावर जीएसटी 5 टक्के. त्यावरच्या सगळ्या वर्गांवर तो 12 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला. कामासाठी प्रवास असेल तर कंपनी हा कर आपल्या कराच्या हिशेबात वळता करून घेऊ शकते. सत्तरीच्या बाबांना ती सोय नाही. म्हणजे ज्याला खरी गरज गुडघ्याची आहे, त्यालाच करही पुरता पडतो. चैनीवर कर लावायला माझी हरकत नाही. पण म्हाताऱ्या पायांना लागणारी जागा आणि साहेबाचा थाट यांत आपली करपद्धत फरक करत नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

शिवाय आकाशही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं. वाटा लांबल्या, इंधन वाढलं. त्याचा भार शेवटी तिकिटावरच येतो.

मग परवडणारं मिळतं कुठे?

इतिहासानं आपल्याला एक किल्ली दिली आहे. भाव खुर्चीचा नसतो, खुर्चीत कोण बसणार या अंदाजाचा असतो. म्हणून संगणकाला आपण 'कंपनीचा माणूस' वाटायचं नाही. कंपनीचा माणूस जसा प्रवास करतो, त्याच्या बरोबर उलट करायचं.

तो उशिरा तिकीट काढतो, आपण काही महिने आधी बघायला लागायचं. बाळंतपणाची तारीख तर आधीच माहीत असते. तो रविवारी जाऊन शुक्रवारी परततो, आपण मंगळवार-बुधवार बघायचा. त्याला तिकीट बदलायची मुभा लागते, आपल्याला शक्यतो नाही, म्हणून खालच्या कप्प्यातलं अटींचं तिकीट चालतं. मात्र अटी वाचून घ्या. त्याला थेट विमान हवं असतं, आपल्याला मधे एक थांबा चालतो. एमिरेट्स 1985 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या अगदी पहिल्या उड्डाणांत मुंबई होती. दुबई, दोहा, अबू धाबी, इस्तंबूल इथल्या कंपन्यांचा सगळा धंदाच मधे थांबा देऊन प्रवासी खेचण्याचा आहे. थेट विमानाच्या स्पर्धेत त्यांना भाव उतरवावा लागतो. वयस्कर माणसाला मधे पाय मोकळे करायला मिळतात, हा वर फायदा. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा.

दुसरं, भाव कुठून निघता यावर ठरतो. जिथे साहेब लोक कमी, तिथून तीच कंपनी तेच विमान स्वस्तात देते. म्हणून चेन्नई, कोची, मुंबई आणि कोलंबोहूनही भाव बघून ठेवावा. पण सावध. दोन वेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान उशिरा पोहोचलं, तर दुसरी कंपनी तुमची जबाबदार नाही. मधे एक रात्र ठेवा. आणि एका तिकिटाचा पहिला टप्पा सोडून दुसऱ्यापासून बसायचा विचार करू नका. पुढचं सगळं तिकीट रद्द होतं.

तिसरं, मैल. 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं नेहमीच्या प्रवाशांसाठी गुणांची योजना आणली. राखून ठेवलेल्या खुर्च्या शेवटी रिकाम्या जाऊ नयेत म्हणून कंपन्या त्यांतल्या काही मैलांवर देतात. लेक-जावई कामानिमित्त उडत असतील तर त्यांच्या खात्यात मैल पडून असतात. ते आई-बाबांच्या तिकिटाला वापरता येतात का, हे आधी विचारा. इकॉनॉमीचं तिकीट काढून वरच्या वर्गासाठी बोली लावायची सोयही काही कंपन्या देतात. पण मिळेलच असं धरून चालू नये.

चौथं, सगळा प्रवास पलंगावरच करायला हवा असं नाही. रात्रीचा लांब टप्पा बिझनेसमध्ये आणि दिवसाचा छोटा टप्पा इकॉनॉमीत, अशी जोडणी एकाच तिकिटावर करता येते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली प्रीमियम इकॉनॉमी हा मधला मार्ग आहे. पलंग नाही, पण पायांना जागा आहे. आणि इकॉनॉमीनंच जायचं ठरलं तर कडेची खुर्ची घ्या, दर दीड-दोन तासांनी उठून चाला, पाणी प्या. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका खरा आहे, डॉक्टरांना निघण्याआधी भेटा.

मंडळी, 1948 मध्ये त्या 35 जणांपैकी कुणालाही "हे परवडतं का?" असं विचारावं लागलं नसेल. आज आपण विचारतो, यातच पंच्याहत्तर वर्षांचा बदल आला. बोटीवरचा माणूस विमानात आला, इकॉनॉमीत बसला, आता पडद्यापलीकडे बघतोय. तो पडदा कुणासाठी लावला होता हे आता तुम्हाला ठाऊक आहे. भाडं बघून मोबाइल लगेच खाली ठेवू नका. तारीख बदलून, गाव बदलून, थांबा घालून पुन्हा बघा. आणि तरी जमलं नाही, तर आई-बाबांना कडेची खुर्ची आणि मधे एका रात्रीची विश्रांती तरी नक्की द्या.

तुमच्या घरातल्या पहिल्या परदेशप्रवासाची आठवण असेल, कितीचं तिकीट होतं, कुठल्या मार्गानं गेलात, तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.